२०० मिनिटांची वाटणी: व्यावसायिक बास्केटबॉल संघाचं रोटेशन पहिल्यांदा तुमच्या हातात आलं तर

व्हिडिओ विश्लेषक म्हणून दोन हंगाम काढल्यावर मला सहाय्यक प्रशिक्षक म्हणून बेंचवर जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "उद्यापासून रोटेशनचा कागद तू आणायचास." रोटेशन म्हणजे कोण केव्हा कोर्टवर आणि केव्हा बेंचवर याची आखणी. मला ते काम सोपं वाटलं होतं. चांगल्या खेळाडूंना जास्त मिनिटं द्यायची, उरलेली बाकीच्यांत वाटायची. तीन सामन्यांत लक्षात आलं की किती मिनिटं हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायचा असतो. त्याआधी ठरवायचं असतं की खेळाडूला सामन्यातली कोणती मिनिटं द्यायची, कुणाच्या जोडीने द्यायची, आणि हे त्याला कधी कळणार. माझी बहुतेक चुकलेली रोटेशन्स यातल्याच कुठल्या तरी ठिकाणी चुकली होती.

हा कागद पहिल्यांदाच करायला बसलेल्यांसाठी मी माझ्या कामाचा क्रम जसाच्या तसा लिहिते आहे.

बसण्याआधी जवळ काय हवं

- त्या दिवशीची उपलब्ध खेळाडूंची यादी, फिजिओकडून आलेली. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा हवा: पूर्ण तंदुरुस्त, मर्यादित मिनिटं, बाहेर. "बघू, वॉर्म-अपनंतर सांगतो" असा शेरा असेल तर दोन कागद करावे लागतात. ते आदल्या रात्रीच करा.
- तुमच्या लीगचे नियम. क्वार्टर किती मिनिटांचा, किती फाउलनंतर खेळाडू बाद, टाइम-आउट किती, परदेशी खेळाडूंवर काही मर्यादा आहे का. अशी मर्यादा असेल तर वाटणीचं अर्धं गणित तिथेच ठरून जातं.
- करारातली खेळण्याशी जोडलेली कलमं. काही करारांत सामन्यांच्या किंवा मिनिटांच्या संख्येवर बोनस असतो. त्यावरून निर्णय घ्यायचा नाही, पण ते माहीत मात्र हवं.
- गेल्या पाच-सहा सामन्यांचे बॉक्स स्कोअर (प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे तक्ते) आणि लाइनअपनुसार, म्हणजे एकत्र खेळलेल्या पाच जणांच्या गटानुसार आकडे.
- चौकटींचा कागद. आडव्या ४० चौकटी, दर मिनिटाला एक. उभ्या रांगेत खेळाडूंची नावं. पेन्सिल आणि खोडरबर. घरी लॅपटॉपवर करा हवं तर, बेंचवर मात्र कागदच चालतो.

१. आधी बेरीज जुळवा

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा, १० मिनिटांचे चार क्वार्टर. कोर्टवर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. एनबीए या अमेरिकेतल्या लीगमध्ये क्वार्टर १२ मिनिटांचा असतो, तिथे ४८ गुणिले पाच म्हणजे २४०. ओव्हरटाइमची पाच मिनिटं आधी धरायची नाहीत. या बेरजेत कुणाच्याही आग्रहाने एक मिनिटसुद्धा वाढत नाही. एनबीएतल्या विल्ट चेंबरलेनने १९६१-६२च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळून दाखवली, ओव्हरटाइम धरून ४८च्याही वर, पण तसा माणूस तुमच्या संघात नाही असं समजूनच कागद करायला घ्या.

नवा माणूस हमखास करतो ती चूक मीही केली. प्रत्येक नावापुढे मला योग्य वाटणारा आकडा लिहिला आणि बेरीज केली. २२४ आली. मग बाराही जणांची दोन-दोन मिनिटं कापून २०० केली. कागदावर जुळलं, पण त्यामुळे शेवटचे तिघे तीन-तीन मिनिटांवर आले. तीन मिनिटांत अंगही गरम होत नाही. बेरीज जास्त आली तर सगळ्यांची थोडी थोडी कापू नका, एका खेळाडूला त्या सामन्यापुरतं रोटेशनमधून पूर्ण बाहेर ठेवा आणि तसं त्याला सांगा.

माझा हल्लीचा नेहमीचा सांगाडा असा असतो. सुरुवातीच्या पाचांत पॉइंट गार्ड (चेंडू खेळवणारा) ३१, पहिला विंग (कडेने खेळणारा) ३०, दुसरा विंग २८, पॉवर फॉरवर्ड २६, सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) २४. बेंचवरून दुसरा गार्ड १८, राखीव सेंटर १६, तिसरा विंग १३, दुसरा फॉरवर्ड ९. हे झाले १९५. उरलेली पाच मी कुणाच्याच नावावर लिहीत नाही. ती मोकळी पाच मिनिटं म्हणजे फाउल, मुरगळलेला पाय, अचानक लागलेला सूर अशा सगळ्यांसाठी ठेवलेली शिल्लक. काहीच घडलं नाही तर ती दहाव्या खेळाडूला.

२. शेवटची पाच मिनिटं सगळ्यात आधी भरा

कागद डावीकडून भरायला घेतला की चौथ्या क्वार्टरपर्यंत येताना आकडे संपलेले असतात, आणि ज्याच्यावर सामना सोपवायचा तोच शेवटी बेंचवर दिसतो. म्हणून उजवीकडून सुरुवात करा. बरोबरीच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर कोण हवेत? ती पाच नावं आधी लिहा, मग मागे मागे या.

सामना सुरू करणारे पाच आणि संपवणारे पाच एकच असायला हवेत असं नाही. सुरुवात ही मानाची जागा आहे, शेवट कामाची. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) कच्चे असलेला सेंटर सुरुवातीला उत्तम, पण दोन गुणांची आघाडी राखताना प्रतिस्पर्धी मुद्दाम त्यालाच फाउल करणार.

३. जोड्या तपासा

मिनिटांची बेरीज जुळली की जागांची बेरीज करा. वरच्या सांगाड्यात गार्ड ३१ आणि १८ मिळून ४९. चेंडू खेळवणारा एक जण पूर्ण ४० मिनिटं कोर्टवर आहे, आणि नऊ मिनिटं दोघे एकत्र आहेत. ती नऊ विंगच्या जागेत जातात: ३०, २८, १३ आणि ही ९, झाली ८०. दोन जागा भरल्या. फॉरवर्ड २६ अधिक ९ म्हणजे ३५, मोकळी पाच तिथे. सेंटर २४ अधिक १६, बरोबर ४०.

हे न तपासल्याचा फटका मला तिसऱ्या सामन्यात बसला. मिनिटांची बेरीज २०० होती, प्रत्येक उभ्या रांगेत पाच खुणा होत्या. पण दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला दोन्ही गार्ड एकाच वेळी बाहेर होते. समोरच्या संघाने ते ओळखून पूर्ण कोर्टभर दाब टाकला. आमचे विंग चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेतानाच दमले, आणि सलग चार वेळा बास्केटकडे शॉटसुद्धा गेला नाही. तेव्हापासून मी चेंडू खेळवणाऱ्यांची चौकट लाल पेन्सिलीने भरते. प्रत्येक मिनिटात किमान एक लाल चौकट हवी. बचावाचा आधार असलेल्या उंच खेळाडूसाठी निळी.

लाइनअपच्या आकड्यांबद्दल एक इशारा. प्लस-मायनस (ती लाइनअप कोर्टवर असतानाचा गुणफरक) बघा, पण आधी ती लाइनअप एकूण किती मिनिटं खेळली आहे ते बघा. तीन सामन्यांत मिळून ११ मिनिटं एकत्र खेळलेल्या पाच जणांचं "अधिक १४" फार काही सांगत नाही. प्रतिस्पर्ध्याचे दोन सोपे शॉट हुकले असले तरी आकडा तेवढाच दिसतो.

४. विश्रांती क्वार्टरच्या सांध्यावर ठेवा

पहिल्या आणि दुसऱ्या क्वार्टरच्या मध्ये फिबाच्या नियमांनुसार दोन मिनिटांची विश्रांती असते, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्येही तेवढीच. तिचा फायदा घ्या. आमचा ३१ मिनिटांचा पॉइंट गार्ड पहिल्या क्वार्टरची आठ मिनिटं खेळतो, शेवटची दोन आणि पुढच्या क्वार्टरची पहिली दोन बाहेर बसतो, मग हाफ-टाइमपर्यंत आठ. झाली १६. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा आठ, मग तिसऱ्याची दोन आणि चौथ्याची तीन मिनिटं बाहेर, आणि घड्याळात सात मिनिटं उरली असताना आत. ही १५. खेळाच्या घड्याळात त्याने पहिल्या टप्प्यात फक्त चार मिनिटं सोडली, पण मधली विश्रांती, शिट्ट्या, फ्री थ्रो धरले तर तो प्रत्यक्षात दहा मिनिटांच्या आसपास बसलेला असतो. हीच चार मिनिटं क्वार्टरच्या मध्यात दिली असती तर घाम पुसेपर्यंत परत जावं लागलं असतं.

सलग आठ मिनिटांच्या पुढे मी सहसा कुणाला ठेवत नाही. दमलेला खेळाडू आधी बचावात दिसतो: हात खाली येतात, गुडघे सरळ होतात, आपल्या माणसाच्या मागे अर्धं पाऊल राहतो. शॉट नंतर चुकायला लागतात. म्हणून बदलीची वेळ ठरवताना पाय बघा.

एनबीएतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक म्हणून स्टीव्ह करने स्टीफन करीला बरीच वर्षं पहिला आणि तिसरा क्वार्टर पूर्ण खेळवलं आणि दुसऱ्या-चौथ्याच्या सुरुवातीला बसवलं. एखाद्या खेळाडूला लांब टप्पा मानवत असेल तर तसंही करता येतं. मात्र टप्पा हंगामभर सारखा ठेवा. आपण कधी बाहेर येणार हे शरीराला ठाऊक असलं की माणूस त्या बेताने जोर लावतो.

५. फाउलचा कागद वेगळा, मागच्या बाजूला

फिबात पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, एनबीएत सहाव्याला. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की हाफ-टाइमपर्यंत बसवायचं हा बेंचवरचा जुना रिवाज. मी तो आंधळेपणाने पाळत नाही. खेळाडू बाद होईल या भीतीने आपणच त्याला १४ मिनिटं बसवलं, तर बाद झाल्यावर जे नुकसान झालं असतं तेच आपण आधी करून ठेवतो. खेळाडू बघून ठरवा. दोन फाउल असतानाही हात आवरून खेळणारा अनुभवी माणूस चालतो. उसळून उडी मारणारा पहिल्या वर्षाचा सेंटर नाही चालत.

मागच्या बाजूला तीनच ओळी लिहा: सेंटरचे लवकर दोन फाउल झाले तर काय, मुख्य गार्डचे झाले तर काय, दोन्ही सेंटर अडकले तर काय. वरच्या सांगाड्यात सेंटरची बेरीज नेमकी ४० आहे, तिथे शिल्लक शून्य. म्हणून माझी पहिली ओळ कायम हीच: फॉरवर्ड सेंटरच्या जागी, मोकळी पाच मिनिटं दुसऱ्या फॉरवर्डला.

संघाच्या फाउलकडेही लक्ष ठेवा. एका क्वार्टरमध्ये चार झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. त्या वेळी हाताने खेळणारा बचावपटू आत पाठवू नका, कागदावर त्याचं नाव असलं तरी.

६. खेळाडूला आधी सांगा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आमच्याकडे तिसऱ्या हंगामातला एक विंग होता. सामन्याला २२ मिनिटं खेळायची सवय. नवा खेळाडू आल्यावर मी त्याला १३वर आणलं, आणि त्याला कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं मुख्य प्रशिक्षक सांगतील, त्यांना वाटलं मी सांगितलं असेल. दुसऱ्या क्वार्टरमध्ये नेहमीची वेळ झाली तसं त्याने वॉर्म-अपचं जॅकेट काढलं, घडी करून खुर्चीखाली ठेवलं, आणि पुढे सरकून बसला. हाक दुसऱ्याच्या नावाची आली. त्याने ते जॅकेट परत उचललं, घातलं, आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी त्याच्यापासून दोन खुर्च्यांवर होते. नंतर तो आत गेला तेव्हा चेंडू हातात आला की लगेच शॉट मारत होता, कारण मिळालेल्या दोन मिनिटांत सगळं सिद्ध करायचं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो खेळ खराब झाला त्याला कारणीभूत माझा कागद होता.

त्यानंतरचा नियम: ज्याची भूमिका बदलली आहे त्याच्याशी सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावानंतर, एकट्याशी, उभ्याने पाच मिनिटं बोलायचं. चार गोष्टी सांगायच्या. तू साधारण कधी आत जाशील. कुणाच्या जागी. आत गेल्यावर तुझं काम काय. आणि मिनिटं वाढायला नेमकं काय दिसायला हवं. "मेहनत करत राहा" हे उत्तर नव्हे. "बचावात कोपऱ्यातल्या शूटरपर्यंत वेळेत पोच, गेल्या सामन्यात तीनदा उशीर झाला" हे उत्तर आहे.

मिनिटांचा आकडा मात्र कबूल करू नका. "तुला १५ देतो" म्हणालात आणि अकराच मिळाली, की पुढचा आठवडा तुमचा शब्द चालत नाही. पहिली एंट्री कधी, एवढंच कबूल करा आणि ते पाळा.

बेंचवरून येणं ही शिक्षा वाटू नये म्हणून नुसतं गोड बोलून भागत नाही, बेंचवरून आलेल्याला सामन्यातली महत्त्वाची मिनिटं द्यावी लागतात. एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सचा मनू जिनोबिली कारकिर्दीतले बहुतेक सामने बेंचवरून खेळला, २००७-०८मध्ये सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतल्या सर्वोत्तमाचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि सामना अटीतटीचा झाला की तो कोर्टवर असायचाच. आंद्रे इग्वोडाला २०१४-१५पर्यंत कारकिर्दीतला प्रत्येक सामना सुरुवातीच्या पाचांत खेळला होता. त्या वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये त्याला बेंचवर आणलं गेलं. अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यापासून तो पुन्हा सुरुवातीला आला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. खेळाडूशी बोलताना मी ही उदाहरणं देते, पण त्याच आठवड्यात त्याला चौथ्या क्वार्टरची मिनिटं देता येणार असतील तरच.

आणि एजंटचा फोन आला तर मिनिटांवर एक शब्दही बोलू नका. नम्रपणे संघ व्यवस्थापकांकडे पाठवा. तुम्ही सहज म्हणालेलं वाक्य तासाभरात खेळाडूच्या कानावर वेगळ्या रूपात जातं.

७. टेबलाजवळची फसगत

फिबाच्या नियमांनुसार बदली मागायचा हक्क फक्त आत जाणाऱ्या खेळाडूला असतो. त्याने स्वतः स्कोअरर टेबलापाशी जाऊन स्पष्ट मागायची असते, प्रशिक्षकाने ओरडून चालत नाही. मी सुरुवातीला बेंचवरूनच टेबलाकडे हात केला होता. स्कोअररने लक्ष दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दोन शिट्ट्या वाया गेल्या, तेवढ्यात आमच्या दमलेल्या सेंटरने चौथा फाउल केला.

दुसरं म्हणजे, बास्केट झाल्यावर बदली मिळत नाही. घड्याळ थांबलेलं हवं. चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली तर जिच्यावर झाली त्या टीमला बदली मागता येते. एरवी शिट्टीची वाट बघावी लागते, आणि दोन-अडीच मिनिटं शिट्टी न वाजणं अगदी शक्य असतं. म्हणून कागदावरच्या वेळेच्या ४० सेकंद आधी खेळाडूला टेबलापाशी पाठवा. तरीही थांबावं लागलं तर टाइम-आउट हा उपाय, पण पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन एवढेच असतात, आणि त्या तिनांतले दोनच शेवटच्या दोन मिनिटांत वापरता येतात. बदलीसाठी टाइम-आउट जाळणं मला क्वचितच पटतं.

पाठवण्याआधी खेळाडूला विचारा, "बचावात कुणाला धरायचंय?" उत्तर आलं की मगच उठवा.

८. कागद कधी सोडायचा

दुखापत, फाउल, किंवा समोरच्या संघाने अशी लाइनअप आणली की आपला माणूस तिथे उघडा पडतोय. या तीन कारणांनी बिनदिक्कत बदला. दोन शॉट हुकले हे कारण नाही. एका चुकीवर बाहेर येणारा खेळाडू पुढच्या वेळी चुकू नये म्हणून खेळतो, आणि बेंचकडे बघत बघत खेळतो.

सूर लागलेल्या खेळाडूचा प्रश्न अवघड असतो. बाहेर यायच्या वेळीच त्याने सलग तीन बास्केट केल्या, तर काढायचं का? मी ठेवते, पण ती मिनिटं कुणाच्या वाट्यातून गेली ते त्याच क्षणी कागदावर लिहिते. मोकळ्या पाचांतून गेली तर ठीक. तिसऱ्या विंगच्या तेरातून गेली, तर त्याला बाजूला बसून कारण सांगते, तिथल्या तिथे.

९. हंगामाचा हिशेब

आठवड्याला एकदा सगळ्यांच्या मिनिटांची बेरीज फिजिओबरोबर बघा. २०१३-१४चा सॅन अँटोनियो स्पर्स संघ माझ्या डोळ्यापुढे असतो: एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, आणि विजेतेपद त्यांनीच जिंकलं. पण विश्रांतीलाही नियमांची चौकट असते. याच संघाने नोव्हेंबर २०१२मध्ये मायामीतल्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना घरी पाठवलं, तेव्हा लीगने अडीच लाख डॉलरचा दंड केला. २०२३-२४पासून एनबीएत प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळल्याची अटही आहे. तुमच्या लीगमध्ये असं काही असेल तर ते हंगामाच्या पहिल्या दिवशी वाचा, मार्चमध्ये नाही.

१०. प्लेऑफ

नऊचे आठ होतात, मुख्य खेळाडू ३५च्या वर जातात. ही वाढ एका रात्रीत करू नका. आधीचे दोन आठवडे टप्पे मिनिटा-मिनिटाने लांबवत न्या. नवव्या खेळाडूला मालिका सुरू होण्याआधी सांगा.

११. सामन्यानंतर

त्याच कागदावर ठरवलेल्या मिनिटांशेजारी प्रत्यक्ष मिनिटं लिहा, आणि चारपेक्षा जास्त फरक असेल तिथे एका ओळीत कारण. चार-पाच सामन्यांनी तीच तीच कारणं दिसायला लागतात. मला तेव्हा कळलं की माझा राखीव सेंटर कागदावर १६ आणि प्रत्यक्षात कायम ११ असतो, म्हणजे मुळात सांगाडाच चुकीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीचे मसाजला असताना, दहा मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्यांचा तीन-विरुद्ध-तीन सामना घ्या. वीस मिनिटं, पूर्ण जोराने, गुण मोजून. माणूस कमी पडला तर सहाय्यकांपैकी कुणी तरी उतरतं. मी बास्केटखाली उभी राहते आणि नोंद करते: कोण बचावात वेळेत पोचतोय, कोण बोलतोय, कोण नुसता वेळ काढतोय. पुढच्या सामन्याची मोकळी पाच मिनिटं मी याच नोंदीवरून भरते, आणि ज्याला मिळणार असतील त्याला तिथेच, चेंडू गोळा करता करता सांगून टाकते.